पांडवलेणी, आणि जावातलं अर्जुनाचं देऊळ

एकलहऱ्याहून निघून नाशिक शहर ओलांडलं की मुंबई रस्त्यावर पांडवलेणी लागतात. ती पांडवांनी खोदलेली नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. चोवीस बौद्ध लेणी आहेत आणि कुणी काय दिलं ते भिंतींवरच कोरलंय. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. दहाव्यात उषवदात सांगतो, की त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापणं दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली, त्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागावा म्हणून. (थोडक्यात, मुदत ठेव!)

इतका पुरावा समोर असताना नाव मात्र पांडवांचं. प्रबंधात आपण 'हा लोकांचा गैरसमज' असं एक वाक्य लिहून पुढे जातो. मला ते पटत नाही. बांधकाम कुणाचं, याचा पुरावा म्हणून हे नाव निरुपयोगी आहे, हे खरं. पण ते दुसऱ्या कशाचा तरी पुरावा असू शकतं. कशाचा, ते समजायला जावा बेटावरचं उदाहरण फार उपयोगी पडतं.

मध्य जावात सुमारे दोन हजार मीटर उंचीवर दिएंग नावाचं पठार आहे. तिथे साधारण आठव्या-नवव्या शतकातली छोटी दगडी देवळं आहेत, मुख्यतः शैव. त्यांची मूळ नावं आज कुणालाच माहीत नाहीत. लोकांनी दिलेली नावं अशी: अर्जुन, भीम, पुंतदेव (म्हणजे युधिष्ठिर), सेंबद्रा (म्हणजे सुभद्रा), घटोत्कच, श्रीकांडी, सेमार.

शेवटची दोन नावं नीट बघा. श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी, पण जावात ती धनुर्धर स्त्री आहे आणि अर्जुनाची बायको. आणि सेमार? तो संस्कृत महाभारतात नाहीच. तो 'वायांग'मधला, म्हणजे जावाच्या छायाबाहुल्यांच्या खेळातला. रेड्याच्या कातड्याच्या कोरीव बाहुल्या, मागे दिवा, आणि रात्रभर एकटा सगळ्यांचे आवाज काढणारा 'दालांग'. त्या खेळात सेमार हा अर्जुनाचा जाडजूड, विनोदी आणि शहाणा सेवक. गंमत म्हणजे दिएंगचं सेमार देऊळ बसकं, लांबट आहे आणि अर्जुनाच्या देवळासमोर त्याच्याकडे तोंड करून उभं आहे. मालकासमोर नोकर!

म्हणजे ही नावं देणाऱ्यांच्या डोक्यात पोथी नव्हती, बाहुल्यांचा खेळ होता. श्रीकांडी देवळाच्या भिंतींवर तर ब्रह्मा, विष्णू, शिव कोरलेले आहेत, तिचा तिथे मागमूस नाही. नावातून देवळाचं वय कळत नाही. नाव देणाऱ्यांनी रात्री जागून काय पाहिलं होतं ते कळतं.

आता नाशिकला परत या. विषय घ्यायचा असेल तर 'पांडवलेणी कुणाची?' हा प्रश्न सोडा, तो सुटलाय. पांडव कोणते, ते विचारा. पोथीतले, कीर्तनातले, की आजीच्या गोष्टीतले? हे नाव कागदावर पहिल्यांदा कुठे येतं? कोणत्या मूर्तीला कोण काय म्हणतं? सांगणाऱ्याचा उच्चार जसाच्या तसा टिपा, 'शुद्ध' करू नका; श्रीकांडीचं शिखंडी केलं असतं तर हातातला धागाच तुटला असता. आणि मुख्य म्हणजे संस्कृत महाभारतात नसलेलं, पण इथल्या तोंडी गोष्टीत असलेलं एखादं नाव लेण्यांच्या आसपास सापडतं का, ते शोधा.