मोजून दिलेले ऊन

तापीच्या खोऱ्यात ज्या वस्तूचा दुष्काळ आजवर कधी पडला नाही, ती वस्तू म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, भर दुपारी रस्ते ओस पडतात, आणि घरोघरी माणसे खिडक्या-दारे लावून, वाळ्याचे पडदे ओले करून संध्याकाळची वाट पाहत बसतात. अशा मुलखात एखादा जीव उन्हाच्या अभावी आजारी पडला असे कोणी सांगितले, तर ऐकणारा प्रथम हसेल. मीही हसलो होतो. परंतु धुळ्यास देवपुरात राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन एका लांबट पेटीसमोर उभे केले, तेव्हा ते हसू माझे मलाच परत घ्यावे लागले.

पेटीत भुश्यावर पोट टेकून एक प्राणी पडला होता. हातभर लांब, आखूड पायांचा, गुळगुळीत खवल्यांचा, अंगावर तपकिरी पट्टे असलेला. त्याचा खालचा जबडा किंचित वाकडा होता, आणि पाठीचा कणा मधोमध उंचावल्यासारखा दिसत होता. मी वाकून पाहताच त्याने तोंड उघडून एक रुंद, गर्द निळी जीभ बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली. “घाबरू नका,” स्नेही म्हणाले, “मावशी आहे आमची. पाहुण्यांना जीभ दाखविते, एवढेच.”

मावशी हे नाव निष्कारण पडलेले नव्हते. आपल्याकडे बांधावर, कुंपणाच्या दगडांत, पाचोळ्यात जी चकचकीत सापसुरळी सळसळत जाते, तिला लोक सापाची मावशी म्हणतात, आणि ती चावली तर माणूस दगावतो या समजुतीने दिसेल तेथे ठेचतात. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे. जगात सापसुरळीच्या कुळातील दीड हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यांपैकी एकही विषारी नाही. आपली नेहमीची सापसुरळी १८०१ साली शास्त्रीय दफ्तरी दाखल झाली. तिच्या पाठीवरील खवल्यांवर बारीक कंगोरे असतात, ती अंडी घालते, किडे खाते, आणि संकट आले की शेपूट टाकून निसटते. देवपुरातील मावशी मात्र तिची दूरची आप्त: निळ्या जिभेची सापसुरळी, जिचे मूळ घर ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि न्यू गिनी. ती अंडी न घालता पिलांना जन्म देते, आणि नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे सहज जगते. शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण असा प्राणी हौसेने घरी आणणाऱ्यांच्या ध्यानात ते क्वचितच राहते.

स्नेह्यांच्या घरी ती आली ती मुलाच्या हौसेपायी. मोठ्या शहरात शिकत असताना त्याने ती पाळली, काचेच्या पेटीत साध्या दिव्याखाली तीन वर्षे ठेविली, कोंबडीचे मांस आणि फळे खाऊ घातली. आणि नोकरीनिमित्त परदेशी जाताना ती पेटी वडिलांच्या स्वाधीन करून मोकळा झाला. वडील कोषागारातून निवृत्त झालेले. त्यांना प्राण्याची माहिती शून्य होती, परंतु हिशेबाची सवय चाळीस वर्षांची होती. आणि पुढे जे घडले त्यात माहितीपेक्षा सवयच अधिक उपयोगी पडली.

दुखण्याचे मूळ असे. हाडांना कॅल्शियम लागते, आणि अन्नातील कॅल्शियम रक्तात उतरण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. उन्हात बसणाऱ्या सरड्यांच्या त्वचेत ते सूर्याच्या अतिनील किरणांपासून तयार होते, आणि तेही किरणांच्या एका अरुंद पट्ट्यातून, साधारणपणे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींपासून. साधी काच नेमके हेच किरण अडविते. म्हणजे खिडकीतून आत आलेले ऊन डोळ्यांना लख्ख दिसते, अंगाला चटका देते, परंतु हाडांच्या दृष्टीने तो निव्वळ अंधार असतो. रक्तातील कॅल्शियम उतरू लागले की शरीर ते हाडांतून काढून रक्तात भरते, कारण हृदय आणि स्नायू त्यावाचून क्षणभर चालत नाहीत. खजिन्यातली शिल्लक कागदोपत्री कायम दाखविण्यासाठी एखाद्या किल्लेदाराने तटाचे दगड एकेक करून विकावेत, तसा हा प्रकार आहे. रक्ताची तपासणी पुष्कळ दिवस ठीक दिसते. तट ढासळला हे कळते ते जबडा मऊ पडल्यावर, बोटे थरथरू लागल्यावर, किंवा क्ष-किरणांच्या चित्रात हाडे धुक्यासारखी पुसट दिसल्यावर. ढासळ थांबविता येते. पण वाकलेला कणा पुन्हा सरळ होत नाही.

म्हणून अशा रुग्णाची शुश्रूषा औषधाच्या बाटलीपासून सुरू होत नाही. ती जागेपासून सुरू होते. सरपटणाऱ्या प्राण्याचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही, ती बाहेरून घेते. सबब त्याचे पचन, त्याची रोगप्रतिकारशक्ती आणि औषधाचा गुण हे सर्व आसपासच्या तापमानावर अवलंबून असते. १९७५ साली मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग करून निरनिराळ्या तापमानांत ठेविले, तेव्हा उबेत ठेविलेले अधिक संख्येने वाचले आणि थंडाव्यात ठेविलेले अधिक संख्येने मेले. आपल्याला ताप येतो. सरडा ताप आणण्यासाठी उन्हात जाऊन बसतो. पेटीतल्या सरड्याला कोठे जावयाचे असेल, तर तशी जागा आपणच करून ठेविली पाहिजे. स्नेह्यांच्या पेटीत एका टोकाला दिव्याखाली सपाट दगड होता, तेथे ३५ ते ३८ अंश. दुसऱ्या टोकाला कौलाच्या तुकड्याखाली सावली, तेथे २५च्या आसपास. दोन्हीकडे तापमापक. वर जाळी, आणि जाळीखाली अतिनील किरणांची नळी. ही नळी डोळ्यांना वर्षानुवर्षे उजळ दिसते, पण तिच्यातील उपयुक्त किरण सहा महिन्यांपासून वर्षभरात क्षीण होतात. त्यामुळे ती बंद पडण्याची वाट न पाहता मुदतीवर बदलावी लागते. नळीवर काळ्या शाईने बसविल्याची तारीख लिहिली होती.

खानदेशचे ऋतू या बंदोबस्ताची सत्त्वपरीक्षा पाहतात. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली की दिवा लावणे म्हणजे प्राण्याला भाजून काढणे. तेव्हा दिवा दुपारी बंद, कूलर बाजूच्या खोलीत, आणि पाण्याचे उथळ भांडे दिवसातून दोनदा बदललेले. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पहाटे एकेरी आकड्यावर येतो, आणि त्यातच वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवण्याची तजवीज हाताशी असावी लागते. खरे ऊन द्यावयाचे तर ते सकाळचे, कोवळे, आणि तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात. निम्म्या पिंजऱ्यावर गोणपाट टाकून सावली केलेली, आणि माणूस शेजारी बसलेला. काचेची पेटी उन्हात ठेवण्यासारखा घातक उपाय नाही: काच हितकारक किरण बाहेर ठेविते आणि उष्णता आत कोंडते.

अन्नाचा विचारही याच मातीत राहून करावा लागतो. जळगाव जिल्ह्यात केळे दारोदार, आणि मावशीला ते प्रिय. परंतु केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपटीच्या घरात, आणि रुग्णाच्या ताटात प्रमाण हवे ते उलटे: दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. म्हणून केळ्याची चकती सणासुदीला. पालक हिरवागार दिसतो, पण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेविते. त्यापेक्षा शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून, उकडलेल्या भोपळ्यात कालवून, वर कॅल्शियमची पूड भुरभुरून दिलेला बरा. किडे द्यावेत, पण ते पाळलेले आणि स्वतः चांगले खाल्लेले. कपाशीच्या शेतातून नाकतोडे धरून आणण्याचा मोह शेजारच्या मुलांना होतो. त्या शेतावर फवारणी झालेली असते, आणि किड्याच्या पोटातील विष पेटीत येऊन पोहोचते.

आता मला त्या घरात जे पाहून थांबावेसे वाटले, ते सांगतो. रविवारी सकाळी नातीने स्नेह्यांना हाक मारली, “आबा, मावशीचं वजन राहिलंय!” आबांनी कपाट उघडून एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणि एक छोटा काटा काढला. काटा जळगावहून मुद्दाम आणविलेला होता. सुवर्णनगरीत सराफाच्या पेढीवर असतो तसला, ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब दाखविणारा. त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून आकडा शून्यावर आणला. मग मावशीला दोन्ही तळहातांवर, छाती आणि मागचे पाय असे दोन्हीकडून आधार देऊन उचलले, कारण ठिसूळ हाडांच्या प्राण्याला एका हाताने धरून लोंबकळविणे म्हणजे मोड ओढवून घेणे होय. डब्यात ती क्षणभर हलली, मग निवांत झाली. आकडा ठरला: ४१२. वहीत तो गेला. त्यापुढे रकाने होते: खाल्ले किती, शौच कसे, कातीचे तुकडे बोटांवर अडकले आहेत काय, शेपटीचे मूळ भरलेले की सुकलेले, डोळे खोल गेले आहेत काय, श्वासाला आवाज आहे काय. “जमाखर्च कधी खोटे बोलत नाही,” ते म्हणाले, “खोटे बोलतो तो आपला डोळा. रोज पाहणाऱ्याला उतार दिसत नाही.”

या वहीचे मोल पशुवैद्यासमोर कळते. सरपटणारे प्राणी आजार लपवितात. रानात दुर्बळ दिसणे म्हणजे भक्ष्य होणे, आणि ही शिकवण पेटीतही सुटत नाही. तक्रार न करणाऱ्या रुग्णाची कैफियत कोणीतरी लिहून ठेविली पाहिजे. आपल्या जिल्ह्यांतील पशुवैद्यांचे बहुतेक आयुष्य बैल, म्हैस, शेळी यांच्यात जाते. सरड्यांच्या उपचाराची सवय असलेले वैद्य मुंबई-पुण्याकडे. तेव्हा व्यवहार्य मार्ग असा की क्ष-किरण चित्र गावातच काढावे, ते चित्र आणि वहीची पाने तज्ज्ञाकडे पाठवावीत, आणि त्यांच्या सल्ल्याने गावातील वैद्याने सुई टोचावी. गुरांच्या सवयीचे उपचार येथे जसेच्या तसे चालत नाहीत. सुई शरीराच्या पुढील भागात देण्याचा प्रघात आहे, कारण मागील भागातील रक्त हृदयाकडे परतण्यापूर्वी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. काही प्रतिजैविके रोज नव्हे, तीन-तीन दिवसांनी दिली जातात. गुरांच्या गोचिडांवर सर्रास टोचले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना मारक ठरते आणि सापसुरळ्यांतही वर्ज्य मानले जाते. यांचा पू पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो, त्यामुळे गळू आपोआप वाहून जात नाही. ते चिरूनच काढावे लागते.

हाडांच्या जोडीला दुसरी जुनाट व्याधी म्हणजे संधिवाताची. हे प्राणी मूत्रातून मुख्यतः युरिक आम्ल टाकतात. मांसाहार अति झाला आणि पाणी कमी पडले की त्याचे स्फटिक सांध्यांत आणि मूत्रपिंडांत साचतात. आमच्या उन्हाळ्यात हे भय दुप्पट. आठवड्यातून दोनदा, खांद्याच्या खालीच राहील इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसविण्याचा साधा उपचार येथे कामास येतो. त्याने बोटांवरची अडकलेली कातही सुटते, जी तशीच राहिली तर बोटाला आवळून ते झडते. आणि हा सर्व व्यवहार झाल्यावर साबणाने हात धुणे हा घराचा नियम असावा, कारण निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या शौचातही साल्मोनेला जंतू असू शकतात. पेटी स्वयंपाकघरात नको, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती हा प्राणी नको.

कायद्याची बाजूही डोळ्याआड करता येत नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीस बंदी केलेली आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन आंतरराष्ट्रीय करारातील परिशिष्टांत नमूद असलेल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली, आणि तिचे नियम २०२४ साली निघाले. आपल्याजवळचा प्राणी त्या यादीत येतो किंवा कसे, याची रुजवात वनखात्याकडे करून घ्यावी. बांधावरची देशी सापसुरळी मात्र पकडून आणू नये. जखमी आढळली तर वनखात्यास कळवावे.

निघताना मी आबांना विचारले, ती बरी कधी होणार? त्यांनी वही मिटली. “बरी व्हायची नाही,” ते म्हणाले. “कणा गेला तो गेला. आता रोजची बाकी पुढे ओढायची. खाते, उन्हात येते, सावलीत जाते, तोवर खाते चालू. हे थांबले आणि नुसते दुखणे उरले, म्हणजे वैद्यांनीच शांतपणे निजवावे, असे मी त्यांना सांगून ठेविले आहे.” शब्दांत रूक्षपणा होता, पण बोलताना त्यांचा हात पेटीच्या जाळीवर होता.

अंगणात येऊन चपला घालताना कुंपणाच्या दगडावर एक सापसुरळी दिसली, आमची, देशी. सकाळच्या उन्हात ती अंग पसरून पडली होती. ऊन चढले तशी ती वीतभर सरकली. आणखी चढले तशी निम्मी फटीत गेली, डोके तेवढे बाहेर ठेवून. दिवा, नळी, दोन तापमापक, गोणपाट आणि लाल वही यांच्या आधारे आत जे चालले होते, ते ही एका भेगेच्या आधारे करीत होती. आबांनीही तिला पाहिले. “हिचा हिशेब हिच्याजवळ,” ते म्हणाले, आणि नळी बदलण्याची तारीख जवळ आली आहे का ते पाहण्यासाठी आत गेले.