पोळ्याच्या पोटातली तार

मधाने भरलेली चौकट मधपाळ पेटीतून वर काढतो, तेव्हा बघणाऱ्याची नजर मधावर खिळते. तो मध पेलणारे मेण मात्र फार थोडे असते. लँगस्ट्रॉथ पेटीच्या मोठ्या चौकटीत अडीच-तीन किलो मध मावतो आणि त्या पोळ्याचे मेण भरते शे-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. झाडाच्या ढोलीत, एका जागी स्थिर असताना एवढे वजन मेण एकटे पेलते. पेटीतल्या पोळ्याच्या नशिबी मात्र ट्रकचा प्रवास आणि मधयंत्राचा फेरा असतो. तिथे मेणाला आधार लागतो आणि तो देते पोळ्याच्या पोटात दडलेली, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तार.

चौकटीची आधुनिक मधपेटी आली ती अमेरिकेत. १८५१ मध्ये लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी माश्यांना ये-जा करायला पुरेल एवढीच फट राखून सुट्या चौकटींची पेटी बनवली. १८५७ मध्ये जर्मनीच्या योहानेस मेहरिंग यांनी माश्यांनी त्यावर पोळे बांधावे म्हणून षटकोनी घरांचे ठसे उमटवलेला मेणपत्रा तयार केला. १८६५ मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुश्का यांनी चौकट फिरवून मध काढण्याचे यंत्र दाखवले. पोळे न मोडता मध मिळू लागला आणि तेच पोळे वर्षानुवर्षे वापरता येऊ लागले. पण त्यासाठी पोळे टिकायला हवे होते. पुढच्या दशकांत मेणपत्र्यात तार आली ती या गरजेतून.

मेण कुठे हार मानते?

मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण मऊ पडायला त्याच्या बरेच आधी सुरुवात होते. पिलांच्या कक्षात माश्या ३४-३५ अंश तापमान राखतात. मेण घडवायला सोपे आणि तरीही वजन पेलणारे, असा हा नेमका टप्पा. चाळिशी ओलांडली की मात्र त्याची ताकद झपाट्याने घटते. वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पेट्या हलवायची वेळ आली, तर भरलेले पोळे स्वतःच्याच वजनाने खाली ओघळू शकते.

मधयंत्रातला ताण तर याहून मोठा. चौकट मध्यापासून २५ सेंटिमीटरवर असेल आणि यंत्र मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर पोळ्यावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५ पट होतो. दोन किलो मध पोळ्याला पन्नास किलोंसारखा बाहेर रेटतो. म्हणूनच जाणता मधपाळ आधी एक बाजू हळू फिरवून अर्धीच रिकामी करतो, चौकट उलटवून दुसरी बाजू पूर्ण काढतो आणि मग पहिलीकडे परत वळतो. आतल्या बाजूचा मध पोळ्याच्या मधल्या पडद्याला बाहेर ढकलत असतो. तो पडदा फाटू न देणे, हेच तारेचे काम.

कोणती तार?

लोखंडाची साधी तार गंजते, म्हणून अनेक जण जस्ताचा मुलामा दिलेली घेतात. बांधकामाला ती उत्तम, मधाला नाही. मध गोड लागला तरी आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ३.९ भरतो. माश्या मकरंदातल्या ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनवतात, त्याचा हा परिणाम. आम्ल जस्ताला सहज खाते. त्यातच माश्यांच्या अंगावरच्या व्हरोआ गोचिडीच्या बंदोबस्तासाठी पेटीत फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल वापरले, तर मुलामा आणखी लवकर उतरतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून आपल्याकडे कल्हई करत आले. मधाच्या तारेलाही तोच न्याय लागू आहे. कथलाचा मुलामा दिलेली पोलादी तार जस्तापेक्षा बरी आणि स्टेनलेस स्टीलची सर्वांत टिकाऊ. तांब्याची तार मात्र टाळावी. ती मऊ असल्याने ताणली की लांबते आणि मधातल्या आम्लाने तांबे मधात उतरते.

जाडी ०.४ ते ०.५ मिलिमीटर पुरते. याहून बारीक तार जोर आला की मेण कापत जाते. जाड तार घट्ट ओढावी तर चौकटीच्या बाजूच्या पट्ट्या आत वाकतात, शिवाय ती मेणपत्र्यात नीट बसतही नाही.

ताण आणि सूर

भारित तारेचा झोळ ताणाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली की झोळ तेवढाच ठेवायला ताण चौपट लागतो. म्हणून लँगस्ट्रॉथच्या लांब चौकटीत सहसा चार आडव्या तारा घालतात. महाबळेश्वर परिसरात पाळल्या जाणाऱ्या सातेरी माशीची चौकट आकाराने लहान, तिचे काम कमी तारांत भागते.

ताण पारखायची पद्धत सोपी आहे. तार बोटाने छेडावी. ‘टण्’ असा स्वच्छ आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर ती ढिली आहे. पट्टीच्या भोकात पितळी आयलेट बसवले नसेल, तर घट्ट तारही हळूहळू मऊ लाकडात रुतून सैल पडते. ओढून झाल्यावर दातेरी चाकाने तारेला नागमोडी वळण दिले, तर उरलासुरला ढिलेपणा जातो आणि मेणाला पकडही मिळते.

तार मेणात रोवायला बारा व्होल्टची बॅटरी चालते. मेणपत्र्यावर तारेची चौकट ठेवून तारेच्या दोन टोकांना वीज दिली, की तार तापते, खालचे मेण वितळते आणि तार आत उतरते. वीज तोडताच मेण तिच्याभोवती थिजते. स्टेनलेस तारेचा विद्युतरोध साध्या पोलादाच्या कित्येक पट असतो. त्यामुळे त्याच बॅटरीवर तिच्यातून कमी वीज वाहते आणि तापायला काही सेकंद जास्त लागतात. हात मात्र बटणावरच हवा. क्षणभर उशीर झाला, तर तार पत्रा आरपार कापते. उलट ती वर उघडी राहिली, तर माश्या तिच्याभोवतीचे मेण कुरतडतात आणि राणी त्या ओळीतली घरे अंड्यांविना सोडते.

माशीच्या कष्टाची किंमत

कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. एक किलो मेण घडवायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. कोसळलेले पोळे म्हणजे त्याच्या मेणासाठी खर्चलेला मध वाया, शिवाय पिलांचीही हानी. तारेने सगळेच साधते असे नाही. पॅराफिन मिसळलेला मेणपत्रा उन्हात दगा देतो आणि स्टिअरिनच्या भेसळीने पिले मरतात, हे युरोपातल्या मधपाळांनी अनुभवले आहे. पण शुद्ध मेण आणि चांगली तार एकत्र आली, तर एकच पोळे कित्येक हंगाम मध देते.

साताऱ्याचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ जाहीर झाले आणि राज्यात अनेकांना मधपेटीची ओढ लागली. नव्याने पेटी घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: पेटीचा रंग नंतर निवडा, आधी तार तपासा. ०.४ मिलिमीटरची स्टेनलेस तार घ्या, आयलेट बसवा आणि मेणपत्रा खात्रीच्या ठिकाणाहूनच आणा. तारेत वाचवलेले दहा-वीस रुपये पुढे माश्यांच्या मधातूनच फेडावे लागतात.