हृदयविकारानंतरचा व्यायाम : थोडा दवाखान्यात, थोडा घरी



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना दोन तऱ्हेची माणसे भेटतात. अ‍ॅटॅक येऊन गेल्यावर एक जण वर्षभर खाट सोडत नाही. दुसरा पंधराव्या दिवशी, रात्रीची लाईट आली म्हणून दारं धरायला जातो. दोघांचंही चुकतं.

पूर्वी डॉक्टरच रोग्याला कित्येक आठवडे झोपवून ठेवीत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन व लाऊन या डॉक्टरांनी ८१ रोग्यांना लवकर खुर्चीत बसवून पाहिले, त्याने बिघडत नाही असे दाखविले. तिथून अंथरूण सुटू लागले.

अमेरिकेत आठवड्याला तीनदा, बारा आठवडे, म्हणजे ३६ वेळा देखरेखीखाली व्यायाम घेण्याचा प्रघात आहे. आपल्याला शहराचे छत्तीस हेलपाटे कसे परवडायचे? म्हणून दोन्हींचा मेळ घालायचा. सुरुवातीला दवाखान्यात यंत्राच्या पट्ट्यावर चालवतात, हृदयाचा आलेख आणि रक्तदाब बघतात. किती झेपतं, कुठं थांबायचं, हे तिथं कळतं. मग तेवढेच घरी करायचे, ठरल्या तारखेला दाखवायचे आणि माप वाढवून घ्यायचे. टिश्यू कल्चरचं रोप तरी आपण एकदम उन्हात लावतो का? ज्यांचा धोका कमी, त्यांना घरच्या व्यायामाचा गुण केंद्राइतकाच येतो, असे अभ्यासांत दिसले आहे. थोड्या श्रमाने छाती दुखते, पाय सुजतात, अशांनी मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घरी सुरू करू नये.

घरी सपाट रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात चालावे, जेवल्याबरोबर नको. आधी पाच-दहा मिनिटे दोनदा, हळूहळू अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला. नुसत्या नाडीवर विसंबू नका, काही गोळ्यांनी ती मुळातच संथ राहते.

"शेतात राबतो, तोच व्यायाम की!" असं मंडळी म्हणतात. पण ४५ किलोचं युरियाचं पोतं दम कोंडून उचललं की रक्तदाब एकदम चढतो. बायपास झाली असेल तर छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर भरलेली घागरसुद्धा उचलू नये.

चालताना छातीत दाब, हात किंवा जबडा दुखणे, घाम, चक्कर यांतले काही झाले तर जागीच बसा. डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत उतार नसेल तर १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर डबलसीट जाऊ नका.

रोजची मिनिटे वहीत लिहा आणि तपासणीला ती वही बरोबर न्या.

— ऊस विकास अधिकारी