यो सोय बेट्टी, ला फेआ

यो सोय बेट्टी, ला फेआ (अर्थ : मी बेट्टी, कुरूप मुलगी) ही कोलंबियातील स्पॅनिश भाषेतील दूरचित्रवाणी मालिका आहे. आरसीएन वाहिनीवर ती 25 ऑक्टोबर 1999 ते 8 मे 2001 या काळात प्रक्षेपित झाली. मालिकेचे लेखन फर्नांदो गाइतान यांनी केले असून दिग्दर्शन मारिओ रिबेरो यांचे आहे. बोगोता शहरातील एका वस्त्रप्रावरण कंपनीत काम करणारी हुशार, परंतु रूपाने सामान्य मानली गेलेली अर्थतज्ज्ञ तरुणी आणि त्या कंपनीचा अध्यक्ष यांच्यातील प्रेमसंबंध हा मालिकेचा विषय आहे. भारतात 2003 मध्ये सुरू झालेली 'जस्सी जैसी कोई नहीं' ही हिंदी मालिका याच कथेवर आधारित होती.

पार्श्वभूमी

लॅटिन अमेरिकेत 'तेलेनोवेला' हा मालिकांचा लोकप्रिय प्रकार आहे. अशी मालिका रोज प्रक्षेपित होते, मात्र ती अनेक वर्षे लांबवली जात नाही. तिचा शेवट आरंभापासूनच अपेक्षित असतो. श्रीमंत घरातील तरुण आणि गरीब, पण रूपवान मुलगी हे या प्रकारातील जुने सूत्र होय. गाइतान यांनी 1994 मधील 'काफे कोन आरोमा दे मुहेर' या मालिकेत प्रेमकथेला कॉफीच्या मळ्यांची आणि निर्यात व्यापाराची जोड दिली होती. 'बेट्टी'मध्ये त्यांनी मळा सोडून कचेरी निवडली आणि नायिकेचे सौंदर्यच काढून घेतले. कोलंबियात 1998 मध्ये आरसीएन आणि काराकोल या खासगी वाहिन्या सुरू झाल्यामुळे प्रेक्षक मिळवण्यासाठी तीव्र स्पर्धा होती. त्या स्पर्धेत ही मालिका आरसीएनच्या मोठ्या यशांपैकी एक ठरली.

कथानक

बेआत्रिस पिन्सोन सोलानो ऊर्फ बेट्टी (आना मारिया ओरोस्को) ही बोगोतातील मध्यमवर्गीय घरातील एकुलती एक मुलगी असते. अर्थशास्त्रातील उत्तम गुण आणि वित्तविषयक पदव्युत्तर शिक्षण असूनही तिला नोकरी मिळत नाही. अखेर ती एकोमोदा या कंपनीत अध्यक्षांच्या सचिवपदासाठी अर्ज करते. तिची स्पर्धा पात्रिसिया फर्नांदेस हिच्याशी होते. पात्रिसिया दिसायला आकर्षक असते, शिवाय अध्यक्ष आर्मांदो मेंदोसा (होर्हे एन्रिके आबेयो) याची वाग्दत्त वधू मार्सेला वालेन्सिया (नातालिया रामिरेस) हिची ती मैत्रीण असते. शेवटी दोघींनाही नेमले जाते. पात्रिसियाला दर्शनी भागात टेबल मिळते, तर बेट्टीला अध्यक्षांच्या दालनाला लागून असलेली खिडकी नसलेली अडगळीची खोली मिळते. कंपनीचे सगळे हिशेब याच खोलीतून चालतात.

एकोमोदाची मालकी मेंदोसा आणि वालेन्सिया या दोन कुटुंबांकडे असते. मार्सेलाचा भाऊ दानिएल यालाही अध्यक्षपद हवे असते. त्यामुळे आर्मांदोच्या निवडीत मार्सेलाच्या पाठिंब्याला महत्त्व येते आणि त्याचा विवाह हा कंपनीच्या सत्ताकारणाचाच भाग बनतो. अध्यक्ष झाल्यावर आर्मांदोचे धाडसी निर्णय फसतात आणि कंपनी कर्जात बुडते. संचालक मंडळापुढे खोटे ताळेबंद ठेवले जातात आणि ते बेट्टीच तयार करते. हिशेबातील अशा लबाडीसाठी स्पॅनिशमध्ये 'माकियार', म्हणजे रंगभूषा करणे, हेच क्रियापद वापरतात. जिच्या चेहऱ्यावर रंगरंगोटी नाही तिनेच कंपनीच्या आकड्यांना ती करावी, ही विसंगती मूळ भाषेतील प्रेक्षकाला सहज जाणवणारी आहे.

बँकांनी कंपनीवर जप्ती आणू नये यासाठी बेट्टीच्या नावावर तेरामोदा ही दुसरी कंपनी स्थापन केली जाते. या कामी तिला तिचा मित्र निकोलास मोरा साहाय्य करतो. तेरामोदा ही एकोमोदाची धनको असल्याचे दाखवून तिच्याकरवीच एकोमोदाच्या मालमत्तेवर जप्ती आणली जाते. परिणामी कायद्याच्या दृष्टीने कंपनीचे भवितव्य अडगळीच्या खोलीतील साहाय्यकाच्या हाती येते. निकोलास तिचा प्रियकर असावा आणि ती दोघे कंपनी बळकावतील, अशी भीती आर्मांदोचा मित्र व सहकारी मारिओ काल्देरोन याला वाटते. आर्मांदोने बेट्टीला प्रेमाच्या जाळ्यात ओढावे, असा सल्ला तो देतो. आर्मांदो नाइलाजाने हे नाटक सुरू करतो, पण हळूहळू तिच्यावर खरोखरच प्रेम करू लागतो. याच सुमारास मारिओने लिहिलेले सूचनापत्र बेट्टीच्या हाती पडते. पूर्वी एका तरुणाने पैजेखातर तिच्याशी प्रेमाचे सोंग केलेले असल्याने हा आघात दुप्पट ठरतो. संचालक मंडळाच्या बैठकीत खरा ताळेबंद उघड करून ती राजीनामा देते.

यानंतर बेट्टी जनसंपर्क क्षेत्रातील कातालिना आंहेल हिच्यासह कार्ताहेना येथे जाते आणि राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेच्या कामात तिला साहाय्य करते. तेथे तिच्या राहणीत आणि आत्मविश्वासात बदल होतो. तेरामोदाचा पेच तिच्यावाचून सुटणार नसल्याने तिला एकोमोदाचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली जाते. ती कंपनी सावरते आणि शेवटी तिचा व आर्मांदोचा विवाह होतो.

आशय आणि टीका

कुरूप मुलगी सुंदर झाल्यावर नायकाने तिचा स्वीकार केला, असा या कथेचा सारांश अनेकदा दिला जातो; तो कथानकाशी जुळत नाही. आर्मांदो तिच्या प्रेमात पडतो तेव्हा ती जाड चष्मा, दातांवरील तारा आणि जुन्या वळणाचे कपडे अशाच रूपात असते. रूपांतर त्यानंतर, तेही त्याच्यापासून दूर, कार्ताहेना येथे होते. तिला अध्यक्षपद मिळते ते तेरामोदाच्या कागदपत्रांमुळे आणि हिशेबावरील प्रभुत्वामुळे. त्यात रूपाचा भाग नसतो. तरीही नायिकेचा विजय दाखवताना तिचे रूप बदलावेच लागले, ही टीका उरतेच आणि ती निराधार नाही. मालिकेतील विनोदाचा मोठा भाग नायिकेच्या दिसण्यावर बेतलेला आहे, हेही खरे आहे.

सत्तेतील विषमता हा दुसरा आक्षेप आहे. वरिष्ठाने कंपनीच्या हितासाठी कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या भावनांचा वापर करणे, हे आज कार्यालयीन छळाच्या व्याख्येत बसू शकते. मालिका आर्मांदोला दीर्घकाळ पश्चात्ताप करायला लावते, तथापि अखेर त्याला क्षमाही करते. कचेरीतील स्त्रियांच्या मैत्रीचे चित्रण मात्र आजही टिकून आहे. बेट्टी आणि तिच्या सहकारी स्त्रिया स्वतःच्या गटाला 'कुआर्तेल दे लास फेआस', म्हणजे कुरूप स्त्रियांची पलटण, म्हणवून घेतात. पगार, घटस्फोट, मुलांचे संगोपन आणि नोकरी जाण्याची भीती हे त्यांच्या बोलण्याचे विषय असून कंपनीतील बातम्या अधिकाऱ्यांच्या आधी त्यांच्यापर्यंत पोहोचतात.

रूपांतरे

2010 मध्ये गिनीज बुकने या मालिकेची सर्वांत यशस्वी तेलेनोवेला म्हणून नोंद केली. विविध देशांत तिची वीसहून अधिक रूपांतरे झाली. जर्मनीतील 'फर्लीब्ट इन बर्लिन' (2005), रशियातील 'ने रोदिस क्रासिवोय' (2005) आणि मेक्सिकोतील 'ला फेआ मास बेया' (2006) यांनी वरिष्ठ व साहाय्यक यांची प्रेमकथा केंद्रस्थानी ठेवली. अमेरिकेतील 'अग्ली बेट्टी' (2006–2010) या मालिकेने ती जवळजवळ वगळली. अमेरिका फेरेरा हिने साकारलेली बेट्टी फॅशन मासिकात काम करते आणि वरिष्ठाशी तिचे नाते मुख्यतः मैत्रीचे राहते.

'जस्सी जैसी कोई नहीं' ही मालिका सोनी वाहिनीवर 2003 ते 2006 या काळात प्रक्षेपित झाली. मोना सिंग हिने जस्सीची, तर अपूर्व अग्निहोत्री याने गुलमोहर या फॅशन कंपनीचा प्रमुख अरमान सुरी याची भूमिका केली. मोना सिंगचा खरा चेहरा बराच काळ प्रेक्षकांपासून गुप्त ठेवण्यात आला होता. सासू-सुनांच्या कौटुंबिक मालिकांचा तो भराचा काळ होता. त्यात नोकरदार तरुणी आणि तिची कचेरी यांना केंद्रस्थान देणारी ही मालिका वेगळी ठरली. महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रेक्षकांना बेट्टीची कथा ठाऊक आहे ती जस्सीच्या रूपानेच.

पुढील भाग

मूळ मालिकेनंतर कोलंबियात 'एकोमोदा' (2001–2002) ही उत्तरमालिका आली. तिला पहिल्या मालिकेइतके यश लाभले नाही. गाइतान यांचे जानेवारी 2019 मध्ये निधन झाले. जुलै 2024 मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेल्या नव्या मालिकेत ओरोस्को आणि आबेयो यांनी आपापल्या भूमिका पुन्हा साकारल्या. त्यात बेट्टी आणि आर्मांदो यांच्यात दुरावा आलेला असून बेट्टी एकोमोदात परत येते.