घरच्या फोटोसाठी कॅमेऱ्याचा आकडा कोणता?

महागडी लेन्स घेतली की फोटो आपोआप चांगले येतात, असे अनेकांना वाटते. पण लेन्सचे छिद्र किती उघडायचे हे ठाऊक नसेल, तर घरातला मोलाचा क्षण धूसर होऊन कायमचा निसटतो.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता. मी नुकतीच हौसेने ५० मिलिमीटरची, एफ १.८ पर्यंत उघडणारी लेन्स घेतली होती. चेहरा तेवढा लख्ख आणि मागचे सगळे लोण्यासारखे विरघळलेले, असे फोटो मासिकांत पाहून मलाही तसेच काढायचे होते. म्हणून सबंध संध्याकाळ कॅमेरा १.८ वरच ठेवला.

सुना-नातसुना आजीला ओवाळत होत्या. तिची धाकटी बहीण, आमची माईआजी, दोन पावले मागे उभी राहून कौतुकाने पाहत होती. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर फोटो सुरेख दिसला. रात्री संगणकावर मोठा करून पाहिला, तेव्हा पोटात धस्स झाले. आजीचे डोळे स्वच्छ आले होते, पण माईआजीचा चेहरा ओल्या बोटाने पुसल्यासारखा झाला होता.

पाच महिन्यांनी माईआजी गेली. दोघी बहिणी एकत्र असलेला तो शेवटचा फोटो ठरला. मी तो छापून आणला. आजीने बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "ही मागे कोण गं?"

या प्रश्नाचे उत्तर देताना मला जे वाटले, ते कोणावरही येऊ नये, म्हणून हा लेख.

भिंगाचा डोळा

लेन्सच्या आत पातळ पात्यांचे एक छिद्र असते. त्याला ॲपर्चर म्हणतात. आपल्या डोळ्यातील बाहुलीसारखेच त्याचे काम. उन्हात बाहुली बारीक होते, अंधारात मोठी होते. कॅमेऱ्यात मात्र ते काम आपण ठरवू शकतो.

नवशिक्यांचा गोंधळ होतो तो आकड्यांमुळे. कारण आकडा मोठा, तर छिद्र लहान. याचे गणित सोपे आहे. लेन्सच्या मिलिमीटरला त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ म्हणजे २५ मिलिमीटरचे छिद्र, तर एफ ८ म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटरचे.

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशा या पायऱ्या आहेत. एकेक पायरी पुढे गेलात की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. म्हणजे एफ २ वरून एफ ८ वर गेलात, तर प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो.

छिद्र लहान केल्याने आणखी एक गोष्ट घडते. फोकस केलेल्या वस्तूच्या मागचे आणि पुढचेही अधिक स्पष्ट दिसू लागते. चष्मा सापडत नसला की आजी डोळे बारीक करून पंचांग वाचते, ते आठवा. कॅमेऱ्यातही तेच होते.

धूसर पार्श्वभूमीचा मोह

आता माझी चूक नेमकी कुठे झाली ते पाहा. घरोघरी असलेल्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून दीड मीटरवरून फोटो काढला, तर एफ १.८ ला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीपर्यंतच चित्र स्पष्ट राहते. म्हणजे डोळे स्वच्छ आले, तरी कान धूसर होऊ शकतात. दोन पावले मागे उभी असलेली माईआजी कशी स्पष्ट येणार?

त्याच जागेवरून एफ ४ ठेवले, तर ही खोली सुमारे चौदा सेंटिमीटर होते आणि एफ ८ ला सुमारे एकोणतीस. चेहरा, केसातले फूल, हातातले तबक असे सगळे त्यात येते. त्यापलीकडचेही एकदम पुसले जात नाही. धूसर झाले तरी माणूस ओळखू येतो.

शिवाय एक लक्षात ठेवा. स्पष्ट आलेल्या फोटोची पार्श्वभूमी नंतर संगणकावर धूसर करता येते. पण धूसर आलेला चेहरा पुन्हा खराखुरा स्पष्ट करता येत नाही. यंत्राने तो रेखीव करून दिला, तरी ते डोळे-नाक अंदाजाने काढलेले असते. ती आपली माईआजी नसते.

जुन्या अल्बमचा धडा

आपल्या आईवडिलांच्या काळचा अल्बम काढून बसा. कित्येक घरांत तेव्हा बडोद्याला तयार होणारा आग्फाचा क्लिक ३ कॅमेरा असे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. निवडायला सूर्य आणि ढग अशी साधी चिन्हे होती. छिद्र लहानच असल्याने माणसांबरोबर मागचेही बरेचसे स्पष्ट येई.

ते फोटो पाहताना आपण काय शोधतो? चेहरे तर पाहतोच, पण भिंतीवरचे कॅलेंडर, खिडकीतला रेडिओ, वाळत घातलेली नऊवारी, कोपऱ्यातला पाटा-वरवंटाही पाहतो. "अगं, हे आपलं जुनं घर!" असे कोणीतरी म्हणते आणि तासभर गप्पा रंगतात. आज आपल्याला अडगळ वाटणाऱ्या वस्तूच उद्या मुला-नातवंडांना हव्याहव्याशा वाटणार आहेत. त्या पुसून टाकण्याची घाई आपण का करावी?

मग आकडा कोणता?

माझे मत असे, की रोजच्या घरगुती फोटोंसाठी प्रत्येकाने एक आकडा पक्का करावा. कॅमेरा नेहमी त्याच आकड्यावर ठेवावा आणि गरज पडली तरच बदलावा. कॅमेऱ्याच्या चकतीवर 'ए' किंवा 'एव्ही' असे खूण केलेले स्थान असते. तेथे छिद्र आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो.

दिवसा बाहेर : एफ ८. वृत्तछायाचित्रकारांमध्ये एक जुना सल्ला चालत आला आहे, की एफ ८ ठेवा आणि जागेवर हजर राहा. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार वीजी यांच्या नावावर तो सांगितला जातो. भर उन्हात, आयएसओ १०० असताना, एफ ८ ला शटरचा वेग सेकंदाच्या चारशेव्या ते पाचशेव्या भागाइतका मिळतो. धावणारी मुलेही त्यात स्थिर येतात. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स १८ वर ठेवून दोन मीटरवर फोकस केला, तर साधारण एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. जत्रेत, सहलीत याहून सोयीचे काही नाही.

घरातला समूह : एफ ५.६. पुढे बसलेली आणि मागे उभी असलेली, अशा दोन ओळींत साठ-सत्तर सेंटिमीटरचे अंतर असते. तीन मीटरवरून, ५० मिलिमीटरच्या लेन्सने, एफ ५.६ ला सुमारे ऐंशी सेंटिमीटर खोली मिळते. १.८ ला ती फक्त पाव मीटर असते. म्हणून फोकस पुढच्या ओळीच्या किंचित मागे करा आणि मागच्यांना थोडे पुढे सरकायला सांगा. जास्त माणसे मावावीत म्हणून झूम कमी केलात, तर खोली आणखी वाढते.

संध्याकाळी दिव्याच्या उजेडात : एफ ४ किंवा २.८. येथे प्रकाशाची ओढाताण असते. आयएसओ १६०० पर्यंत वाढवायला घाबरू नका. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा चालणार नाही. शटर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा हळू होऊ लागले, तर आयएसओ आणखी वाढवा किंवा एक पायरी छिद्र उघडा. जुन्या ट्यूबलाइटखाली फोटोत पट्टे दिसले, तर शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. तिच्याशी या वेगांचे जमते.

एकटा चेहरा : एफ २ ते २.८. तान्हे बाळ झोपले आहे, मागे पसारा आहे आणि तुम्हाला फक्त त्याच्या पापण्या हव्या आहेत. अशा वेळी छिद्र खुशाल उघडा. फोटो झाला की आकडा पुन्हा जागेवर आणायला मात्र विसरू नका. माझे नेमके तेच राहून गेले होते.

फार लहानही नको

लहान छिद्राने सगळे स्पष्ट येते, मग थेट २२ वरच का ठेवू नये? कारण छिद्र फारच बारीक झाले की त्याच्या कडेवरून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळेच चित्र थोडे मऊ होते. साध्या डीएसएलआरवर १६ च्या पुढे हे जाणवू लागते. त्यातून शटरही हळू होते आणि हात हलण्याची भीती असते.

१९३२ मध्ये कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम यांनी स्थापलेल्या मंडळाचे नावच 'ग्रुप एफ ६४' होते. चित्रातील कणन्‌कण स्पष्ट हवा, हा त्यांचा आग्रह. पण त्यांचे कॅमेरे तिकाटण्यावर उभे राहणारे आणि फिल्मचे ताव मोठमोठे. त्यांचा आकडा आपल्या हातातल्या कॅमेऱ्याला लागू पडत नाही.

ओट्यावरची परीक्षा

तुमच्या लेन्सचा नेमका आकडा ठरवण्यासाठी खर्च काही नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार डबे एकामागे एक, वीतभर अंतराने ठेवा. प्रत्येकावर काही अक्षरे लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवा. दुसऱ्या डब्यावर फोकस करून २.८, ४, ५.६, ८, ११ आणि १६ असे सहा फोटो काढा. लेन्स २.८ पर्यंत उघडत नसेल, तर जेथून उघडते तेथून सुरुवात करा. संगणकावर मोठे करून पाहा, कोणत्या आकड्याला चारही पट्ट्या वाचता येतात. तो तुमच्या घरचा आकडा.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यांनी हिरमुसून जाऊ नये. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचे छिद्र कायमचे एकाच मापाचे असते, पण लेन्स फार छोटी असल्याने बरेच काही स्पष्ट येते. पोर्ट्रेटची सोय चालू केली की मोबाइल हिशेब करून मागचे धूसर करतो. घरातली माणसे जमली असतील तेव्हा ती सोय बंदच ठेवा.

मागच्या दिवाळीत पाडव्याला सगळे अंगणात जमले होते. मी कॅमेरा एफ ८ वर ठेवला आणि त्याकडे पुन्हा पाहिलेही नाही. सगळे लक्ष माणसांकडे राहिले. फोटो छापून आणले, तेव्हा आजीने चष्मा पुसून एकेकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवत नावे घेतली. अगदी मागे, दाराशी उभ्या असलेल्या जावयाचेही.

या वेळी तिला कोणालाच "ही कोण?" असे विचारावे लागले नाही.