मोटार थांबते ती कशाने?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी हुमनाबादच्या बसस्थानकाबाहेर भेटला. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर मोटारींची चित्रे काढल्याबद्दल आमच्या हातून त्याने पुष्कळ बोलणी खाल्ली होती. आज हमरस्त्याच्या कडेला त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके होते. ते उलगडून त्याने आम्हांस ब्रेकचे चार पॅड दाखविले आणि विचारले, "सर, गाडी एकच आहे. रोज कलबुर्गीला जाते-येते, आणि वर्षातून एकदोनदा ती ड्रॅग शर्यतीत उतरवायची आहे. एक दुकानदार म्हणतो, हे शर्यतीचे पॅड घाला. दुसरा म्हणतो, मुळीच घालू नका. ब्रेक ऑइलबद्दलही तीच गत. बसवायचे कसे ते मला येते. निवडायचे कसे ते सांगा."

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. व्याकरण आणि इतिहास शिकविण्यात आमचा जन्म चाललेला. परंतु या एका विषयाचा अभ्यास आम्हांस दोन वर्षांपूर्वी नाइलाजाने करावा लागला होता. त्याचे कारण पुढे येईलच. त्या मुलास चहाच्या टपरीवर जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहो.

प्रथम ड्रॅग शर्यत म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात. दिवा हिरवा होताच सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात. जी आधी पोचेल ती जिंकली. वळण नाही, चढ नाही, दुसरी फेरी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सँटा आना येथे १९५० साली विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती रीतसर सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यातील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती भरल्या आहेत. धावपट्टीच का, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शर्यत ४०२ मीटरांत संपते खरी, पण मोटार तेथे संपत नाही. तिला थांबावयास पुढे तितकीच किंवा त्याहून लांब मोकळी जागा लागते. आपल्या हमरस्त्यावर ती जागा कोणाच्या तरी बैलगाडीने, उसाच्या ट्रॅक्टरने किंवा शाळेतून घरी निघालेल्या मुलांनी व्यापलेली असते. रात्री येथे शर्यती लावणाऱ्या तरुणांना आम्ही ओळखतो, म्हणून हे वाक्य मुद्दाम लिहिले.

आता मूळ प्रश्न. ब्रेक दाबला की गाडी थांबते, असे आपण म्हणतो. परंतु गाडीच्या अंगी असलेली गती नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोन्ही बाजूंनी पॅडांच्या चिमट्यात सापडते, घर्षण होते, आणि गाडीची सारी ऊर्जा त्या तबकडीत व पॅडांत उष्णता होऊन शिरते. ब्रेक हे खरे म्हणजे उष्णता साठविण्याचे आणि वाऱ्यावर सोडण्याचे यंत्र होय.

ही उष्णता किती, ते दहावीचा विद्यार्थी काढू शकतो. घरगुती मोटार थोडी सुधारून शर्यतीस उतरविली, तर ती सुमारे चौदा सेकंदांत पाव मैल तोडून अखेरीस ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असते. म्हणजे सेकंदास ४४ मीटर. गाडीचे वजन १२०० किलो धरा. वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गाने गुणले की सुमारे १२ लक्ष ज्यूल येतात. एवढ्या उष्णतेने पावणेचार लिटर थंड पाणी उकळीस येईल. कागदावर हा आकडा मोठा वाटतो. परंतु हीच गाडी कुटुंबासह, सामानासह १५०० किलोची होऊन घाटातून ५०० मीटर खाली उतरली, तर वजन, गुरुत्व आणि उंची यांच्या गुणाकाराने ७३ लक्षांहून अधिक ज्यूल होतात. सहापट! त्यातला काही भाग इंजिन आणि वारा घेतात. पण जो चालक गाडी मोकळ्या गियरमध्ये टाकून नुसत्या ब्रेकवर उतरतो, त्याच्या बाबतीत जवळजवळ सगळा भार तबकड्यांवर पडतो. शर्यतीत ब्रेक एकदा जोराने लागतो आणि मग त्याला तासभर विश्रांती मिळते. घाटात तो वीस मिनिटे सतत भाजत राहतो. ब्रेकची कठीण परीक्षा शर्यतीत होते ही समजूत, निदान पाव मैलाच्या शर्यतीपुरती, उलटी आहे.

आता पुडक्यातल्या पॅडांकडे वळू. या वस्तूचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडातील हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ च्या सुमारास घोडागाड्यांचे लाकडी ठोकळे उतारावर लवकर झिजतात हे पाहून त्यांस कापडाचे अस्तर लावण्याचे प्रयोग केले. पुढे त्याच्या मालाला 'फेरोडो' हे नाव पडले. त्याच्याच आडनावाची अक्षरे उलटीसुलटी करून आणि एक अक्षर जोडून ते बनले आहे. या अस्तरांत नंतर अनेक वर्षे ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचे सिद्ध झाल्यामुळे ते मागे पडले. जुन्या गाडीचे ब्रेक साफ करताना वाऱ्याचा झोत मारून धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, हे आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही दोनदा बजावले. गॅरेजातली पोरे अजून ती धूळ तोंडाने फुंकतात.

आज बाजारात जे पॅड मिळतात ते ढोबळ मानाने चार जातींचे. तंतू आणि राळ यांचे सेंद्रिय पॅड मऊ व शांत असतात आणि थंड असतानाच चांगले धरतात. मात्र फार तापले, साधारण तीनशे अंशांच्या पलीकडे गेले, की त्यांची पकड सुटू लागते. पोलादाच्या तंतूंचे अर्धधातुमय पॅड अधिक उष्णता सोसतात. पण करकरतात आणि तबकडी लवकर झिजवितात. सिरॅमिक पॅड शांत असतात, धूळ कमी करतात, रोजच्या वापरास उत्तम. आणि चौथे, खास शर्यतीचे. त्यांची गोष्ट वेगळी आहे. ते सहाशे अंशांवरही पकड सोडत नाहीत, हे खरे. परंतु त्यांतील पुष्कळांना नीट काम सुरू करण्यासाठीच दीडशे-दोनशे अंश उष्णता लागते. सकाळी गाडी बाहेर काढावी, कमलापूरपाशी लाल केळ्यांची पाटी घेऊन कोणी रस्ता ओलांडावा, आणि थंड पॅडाने तबकडीवरून नुसते घसरत जावे, असा तो प्रकार.

कोणी म्हणेल, निदान शर्यतीपुरते तरी ते उपयोगी पडतील. तेही गणिताने तपासू. ब्रेकचा सुमारे सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन तबकड्या प्रत्येकी सहा किलोच्या मानल्या, तर वरच्या १२ लक्ष ज्यूलांनी त्या सुमारे दीडशे अंशांनी तापतील. म्हणजे ३० अंशांवरून १८० वर. शर्यतीचा पॅड जेथे जागा होतो, तेथे तर आपली गाडी थांबूनही गेली! शिवाय ड्रॅग शर्यतीत ब्रेकचे पहिले काम थांबविण्याचे नसून धरून ठेवण्याचे असते. आरंभरेषेवर इंजिन गुरगुरत असताना गाडी बोटभरही पुढे सरकू नये, आणि तेव्हा तर ब्रेक अगदी थंड असतो. म्हणून दोन्ही कामे करणाऱ्या गाडीस थंडपणी चटकन धरणारा आणि मध्यम उष्णता सोसणारा पॅड हवा. चांगल्या कंपनीचा अर्धधातुमय किंवा रस्त्यासाठीचा भारी सिरॅमिक. विमानतळाची धावपट्टी सोडून वळणांच्या शर्यतीत, लागोपाठ वीस फेऱ्या मारणाऱ्याने शर्यतीचा पॅड जरूर घ्यावा. तो पॅड वाईट नाही, त्याचे स्थान वेगळे आहे.

पुष्कळ पॅडांच्या कडेवर दोन रोमन अक्षरे छापलेली असतात, ती पाहण्याची सवय ठेवावी. पहिले अक्षर बेताच्या उष्णतेतील घर्षण दाखविते, दुसरे अधिक तापल्यावरचे. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफ-ई' छापलेला पॅड तापला की ढिला पडतो. 'एफ-एफ' किंवा 'जी-जी' बरा. अक्षरे प्रतीची हमी देत नाहीत, पण दुकानदाराच्या बोलण्याहून ती अधिक सांगतात.

आता ब्रेक ऑइल, आणि आमची हकीकत. आमचे मूळ घर गोव्यात. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला मातोश्रींना घेऊन आम्ही जुन्या मोटारीने बेळगावहून चोर्ला घाटमार्गे निघालो. निघण्यापूर्वी एका गॅरेजात ब्रेक दाखविले होते. तेथील माणसाने डबीत थोडे ऑइल वरून भरले आणि "एकदम टाइट" असे सांगितले. पाऊस होता, धुके होते, पुढे एक मालमोटार रांगत होती. आम्ही सारखा ब्रेक दाबीत उतरत होतो. एका वळणावर पाय दाबला तो थेट खाली गेला. ब्रेक असा नव्हताच. आई ओरडली, "राव रे, राव!" आमच्या कोंकणीत राव म्हणजे थांब. शाळेत हा शब्द आम्ही मानाने नावापुढे लावतो. त्या दिवशी त्याचा खरा अर्थ कळला. गाडी खालच्या गियरमध्ये टाकून, हातब्रेक थोडा थोडा ओढीत आम्ही ती डोंगराच्या बाजूच्या गटारास घासून उभी केली. अर्ध्या तासाने पाय पुन्हा टणक लागू लागला. साखळीच्या मेकॅनिकने तपासून सांगितले, काहीच बिघाड नाही. हेच आम्हांस भयंकर वाटले. बिघाड नाही, तर मग झाले काय?

झाले ते असे. पायाचा दाब चाकापर्यंत पोचवितो तो नळ्यांतला द्रव. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम विद्यार्थ्यांस ठाऊक आहे: कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोचतो. माल्कम लॉकहीड याने १९१७ मध्ये या तत्त्वावरील ब्रेकचे एकस्व मिळविले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत तो चारही चाकांस बसला. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून हे साधते. पण तो द्रव उकळला तर त्याची वाफ होते, आणि वाफ आकसते. मग पाय वाफ दाबीत बसतो. चाकास काही कळत नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि मेकॅनिकला सर्व ठीक दिसते.

आपण त्यास ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. तो ग्लायकॉल जातीचा द्रव आहे. नावाने फसून कोणी त्यात इंजिनचे तेल ओतले, तर आतील रबरी वायसर फुगून ब्रेक निकामी होतात. या द्रवाचा स्वभाव मिठासारखा, हवेतील ओल शोषून घेण्याचा. ती रबरी नळ्यांतून आणि डबीच्या झाकणातून शिरते. डब्यावर 'डॉट ३', 'डॉट ४' असे आकडे असतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याची ती आद्याक्षरे. नव्या, कोरड्या 'डॉट ३' चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की निदान १४०. 'डॉट ४' चे हेच आकडे २३० व १५५, आणि 'डॉट ५.१' चे २६० व १८०. एका लिटरमध्ये ३.७ टक्के म्हणजे अडीच मोठे चमचे पाणी. त्याने पाऊणशे अंशांचा फरक पडतो. आमच्या गाडीतील द्रव किती वर्षांचा होता कोण जाणे. नव्याचे चार थेंब वरून घातल्याने जुने पाणी निघत नाही. बिदरची हवा कोरडी म्हणून येथे हा दोष उशिरा दिसतो. कोकणात तो एका पावसाळ्यात पुढे येतो.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यास सांगितले: चांगला 'डॉट ४' किंवा 'डॉट ५.१' भर आणि दोन वर्षांनी सगळाच्या सगळा बदल. शर्यतीस जायचे त्या वर्षी त्याच्या आधी बदल. शर्यतीचे महाग द्रव कोरडेपणी तीनशे अंशांच्या वर उकळतात, पण तेही ओल पितात. ते भरून तीन वर्षे विसरणाऱ्यापेक्षा ताजा 'डॉट ४' वापरणारा सुरक्षित. 'डॉट ५' मात्र घेऊ नये. आकड्याने तो ५.१ चा भाऊ वाटला तरी तो सिलिकोनचा असतो, इतरांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीस चालत नाही. डबा एकदा उघडला की उरलेला द्रव पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग निघतो.

पुडके त्याने पुन्हा गुंडाळले आणि दुकानदार बदलून देईल का, या चिंतेत तो गेला. महिन्याभराने त्याचा निरोप आला: पॅड 'एफ-एफ' मिळाले, जुना द्रव काढला तो चहासारखा काळपट निघाला, चारही चाकांची हवा काढली, लांबच्या चाकापासून सुरुवात करून. नवे पॅड बसविण्यासाठी रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापंधरा वेळा हळूहळू वेग उतरवून, मधे पूर्ण न थांबता, मग गाडी थंड होऊ दिली. शेवटी त्याने विचारले होते, "सर, तुमच्या गाडीचा द्रव बदलून दोन वर्षे होत आली ना? रविवारी घेऊन या."