खोलीत आकाश कसं आणायचं?

कमी पैशांत फिल्म करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: बंद खोलीत दिवसाचा उजेड कसा तयार करायचा? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे ‘मोठ्या पॉवरचा लाइट आणा’. आणला, की भिंतीवर काळी कुळकुळीत सावली पडते आणि सीन खोटा दिसतो. संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हा मंडळींनी हा प्रश्न जरूर बघावा. ‘नैसर्गिक’ या शब्दाची नेमकी व्याख्या केली नाही तर पैसे वाया जातात, हे यात अगदी डोळ्यांना दिसतं.

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (१९५६) बनारसचं एक घर आहे. मधे उघडा चौक, उजेड फक्त वरून येणारा. पावसाळ्याच्या धास्तीने ते घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी आधी विरोधच केला. चौकातल्या उजेडाला सावली जवळजवळ नसते, ती गोष्ट स्टुडिओत साधणार कशी? पण सेट उभा राहिलाच. मग त्यांनी सेटवर आकाशाच्या तुकड्यासारखं पांढरं कापड ताणून बसवलं, दिवे खालून त्या कापडावर टाकले आणि परत येणाऱ्या उजेडात शूटिंग केलं.

इथे नक्कल कशाची झाली? आकाशाच्या प्रखरतेची नाही, त्याच्या आकाराची. म्हणजे काय, ते आकड्यांत बघू.

सावलीची कड किती मऊ, हे स्रोताच्या रुंदीवर आणि अंतरावर ठरतं. समजा, दिव्यापासून २ मीटरवर तुमचा हात आहे आणि हातामागे २० सेंटिमीटरवर भिंत. बल्ब ६ सेंटिमीटरचा असेल तर कडेचा धूसर पट्टा ६ × २० ÷ २०० = ०.६ सेंटिमीटर. तोच बल्ब १२० सेंटिमीटर रुंद चादरीवर टाका आणि चादर २ मीटरवर ठेवा: पट्टा १२ सेंटिमीटर! सावली विरघळूनच जाते. म्हणून पांढरी चादर किंवा थर्माकोलची शीट महागड्या लाइटचं काम करू शकते. अर्थात यात बराच उजेड वाया जातो, तेवढी किंमत मोजावी लागतेच.

आता खिडकीतून येणारं ऊन हवं असेल तर? मग गणित उलटं. उन्हाची सावली बऱ्यापैकी रेखीव असते आणि खोलीभर त्याची प्रखरता बदलत नाही. बल्बचं तसं नाही. १ मीटरवरून २ मीटरवर गेलात की उजेड पाव होतो, पण ५ वरून ६ मीटरवर गेलात तर जवळपास ७० टक्के उरतो. म्हणून इथे चादर नको. एकच दिवा खिडकीबाहेर, जमेल तितका लांब ठेवायचा.

तिसरी गोष्ट रंगाची. दुपारचं ऊन साधारण ५६०० केल्विन, टंगस्टनचा दिवा ३२००. दोन्ही एकाच फ्रेममध्ये आले की चेहऱ्याची एक बाजू पिवळी दिसते. मित्र यांची फिल्म कृष्णधवल होती, त्यामुळे त्यांना हा त्रास फारसा नव्हता. तुमच्या प्रयोगात कुठलं व्हेरिएबल महत्त्वाचं, हे असं त्या त्या प्रयोगावर अवलंबून असतं.

थोडक्यात, ‘नैसर्गिक उजेड’ ही एक गोष्ट नाहीच. आकार, अंतर आणि रंग अशी तिची फोड केली की प्रत्येक भाग मोजता येतो. तुमच्या प्रपोजलमध्ये ‘परिणामकारक’, ‘दर्जेदार’ असे शब्द असतील तर त्यांचीही अशीच फोड करा. गाइड विचारणारच आहेत: मोजणार काय?

सरावासाठी एक करा. टेबलावर उकडलेलं अंडं ठेवा. सकाळी खिडकीजवळ, रात्री उघड्या बल्बखाली आणि मग चादरीवरून परतवलेल्या उजेडात, असे तीन फोटो काढा. प्रत्येक वेळी अंडं, कॅमेरा आणि त्यांच्यातलं अंतर तेच ठेवा, आणि सावलीची कड पट्टीने मोजून वहीत लिहा.